क्विल्टसाठी कापडाचा साठा: आधी फिकं घ्या, फुलाफुलाचं नंतर

नेरुळच्या एका ताईंचा प्रश्न आहे. लग्नानंतर आठ-नऊ वर्षं त्या क्विल्ट, म्हणजे मापात कापलेले तुकडे जोडून केलेल्या गोधड्या, शिवायच्या. मग सासूबाईंचं आजारपण आलं, मुलाची दहावी-बारावी आली, घर बदललं, आणि मशीन जे झाकलं गेलं ते झाकलेलंच राहिलं. घर बदलताना कापडाच्या दोन पेट्या त्यांनी वाटून टाकल्या. आता बारा वर्षांनी परत शिवायला बसायचंय. ऑनलाइन बघितलं तर परदेशी क्विल्टिंग कॉटन मीटरला हजार-बाराशे, आणि महिन्याला दोन हजारांच्या वर त्यांना घालवायचे नाहीत. पूर्वीइतकं कापड परत कसं जमवू, असं त्या विचारतात. जाता जाता हेही विचारलंय, की आईच्या तीन नऊवारी कपाटात आहेत, त्या कापू का?

ताई, पूर्वीइतकं जमवूच नका. वाटून टाकलंत त्याचंही वाईट वाटून घेऊ नका, त्यातलं निम्मं तुमच्या हातून शिवून झालंच नसतं. हे मी माझ्या कपाटावरून सांगते. ठाण्यात, नौपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत मी बावीस वर्षं क्विल्ट शिवते आहे, त्यातली चौदा वर्षं शिकवतेही. पाच-सहा वर्षांपूर्वी भिंतीला ओल आली म्हणून कपाट रिकामं करावं लागलं. सगळं कापड पलंगावर काढलं आणि बसल्या बसल्या रंगाप्रमाणे ढीग घातले. लाल-मरून, निळं, मोरपंखी, हळदी, एकेक ढीग गुडघ्याएवढा. पांढरं, मोतिया, फिकं करडं, बदामी असं जे शेवटी उरलं ते माझ्या एका हातात मावलं. दोनशेच्या आसपास तुकडे होते, त्यातले अकरा फिके. इतकं कापड घरात असून दर नव्या क्विल्टच्या वेळी मी पर्स उचलून जांभळी नाक्याच्या बाजाराकडे का पळते, ते तेव्हा डोक्यात शिरलं.

दुकानात आपला हात ठसठशीत छाप्याकडेच जातो. फिकं कापड आणायला म्हणून कोणी बाजारात जात नाही. पण साधा आठ टोकांच्या चांदणीचा ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून केलेला नक्षीचा एक चौकोन, घ्या. मधला चौकोन आणि आठ टोकं मिळून अर्धी जागा होते, उरलेली बरोबर अर्धी जागा चांदणीच्या मागच्या कापडाची. त्यात ब्लॉकांच्या मधल्या पट्ट्या आणि कडेची चौकट धरलीत तर अख्ख्या क्विल्टमध्ये शांत कापड निम्म्याच्याही वर जातं. आणि साठ्यात ते दहा टक्केसुद्धा नसतं.

म्हणून माझं सांगणं असं: पहिले दोन महिने फुलाफुलाचं एकही कापड घ्यायचं नाही. चार हजारांत बसतील तेवढी फिकी आणि एकरंगी कापडं घ्यायची. एक शुभ्र पांढरं केंब्रिक, एक मोतिया किंवा साय रंगाचं पॉपलीन, एक फिकं करडं, एक बदामी. प्रत्येकी तीन-चार मीटर. मांजरपाटही चालतो, आणि मला तर तो आवडतोच. कोऱ्या मांजरपाटात सरकीचे बारीक ठिपके असतात, ते छापील कापडाशेजारी फार छान दिसतात. तो स्वस्त पडतो. पण इतर कापडांपेक्षा जास्त आटतो, तेव्हा कापायच्या आधी गरम पाण्यातून काढायलाच हवा. एखादं गडदही घेऊन ठेवा, काळ्यापेक्षा गडद निळं बरं. काळ्यावर प्रत्येक धागा आणि प्रत्येक केस दिसतो, आणि वय वाढलं की त्यावरची काळी शिवण उसवताना डोळ्यांतून पाणी येतं.

कापड फिकं आहे की मध्यम, हे नुसत्या डोळ्यांना ठरवता येत नाही, रंग फसवतो. लिंबाचा पिवळा भडक वाटतो, पण असतो फिका. टोमॅटोचा लाल आणि पानाचा हिरवा शेजारी ठेवले तर जमीन-अस्मान वाटतात, आणि बऱ्याचदा दोघांचा गडदपणा एकच निघतो. मग तीन हातांवरून ब्लॉकमधला आकार दिसतच नाही. कापडं शेजारी मांडून मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढा. दोन कापडं एकच करडी दिसली तर त्या दोघांत एकमेकांपासून उठून दिसायची ताकद नाही. पूर्वी यासाठी लाल जिलेटिन कागद डोळ्यांसमोर धरायचो, आता त्याची गरज उरली नाही.

आता फुलाफुलाचं. तिसऱ्या महिन्यात बाजारात जायच्या आधी घरातच बघा. कुठल्याही मराठी घरात एक सुटकेस किंवा मोठी पिशवी असते, ओटीत आलेल्या ब्लाउजपीसांची. डोहाळजेवण, बारसं, चैत्रातलं हळदीकुंकू, मंगळागौर, लग्नं. आलेल्यातले निम्मे आपण पुढचीच्या ओटीत घालतो. काही पीस तर मला वाटतं वीस-वीस वर्षं ठाण्याहून डोंबिवली, डोंबिवलीहून वाशी आणि परत ठाणे असे फिरतायत, शिवले कोणीच नाहीत. ती पिशवी काढा. सासूबाईंचीही एखादी असेल, जावेची असेल, मागितली तर हसत हसत देतील.

ती जशीच्या तशी कापायला मात्र घेऊ नका. त्यातले बरेचसे सुती नसतात, आणि हाताला कळतंच असं नाही. त्यासाठी जाळून बघायचं. पिसाच्या कडेचे चार-पाच धागे ओढून त्यांचा झुपका करायचा, तो चिमट्यात धरून मोरीत किंवा सिंकवर न्यायचा, खाली पाण्याची ताटली ठेवायची आणि काडी लावायची. सुती धागा कागदासारखा पेटतो, वासही जळक्या कागदाचा, आणि मागे राहते ती करडी राख बोटांत चुरली की उडून जाते. पॉलिएस्टर ज्योत जवळ आली तेव्हाच मागे आकसतं, मग वितळतं, काळपट धूर सोडतं आणि टोकाला काळा कडक मणी धरतं; नखानं दाबलात तरी फुटत नाही. मिश्र कापड जळतं सुतासारखं, पण राख चुरताना मधे खडे लागतात. मणी गार होईपर्यंत हात लावू नका, सापासारखा चावतो. मागच्या खेपेला वर्गातल्या एकीनं अशी पिशवी आणली होती, सदतीस पीस. दुपारभर काड्या ओढून झाल्यावर त्यातले नऊ सुती निघाले. नऊ म्हणजे कमी वाटतात. पण ऐंशी सेंटीमीटरचा एकेक पीस धरला तरी सात मीटरच्या वर कापड झालं, फुकट.

सुतीचाच आग्रह का, तर इस्त्रीसाठी. क्विल्टची सगळी शिस्त पाव इंचाच्या शिवणीत आहे, आणि ती शिवण इस्त्रीनं सपाट बसवावी लागते. सुती कापड सांगितलं तसं पडून राहतं. पॉलिएस्टर इस्त्री उचलली की परत वर येतं, आणि जास्त तापवलं तर चकाकतं नाहीतर चिकटतं. दहा ब्लॉक झाले की प्रत्येक ब्लॉक वेगळ्या मापाचा. उरलेले अठ्ठावीस पीस ओटीसाठी ठेवा, त्यांचा प्रवास चालू दे. खणाचे पीस निघाले तर ते बाजूला ठेवा. खण दिसतो देखणा, पण पन्हा अरुंद आणि कापला की धागे सुटत जातात. मागून फ्यूजिंग (इस्त्रीनं चिकटणारं अस्तर) लावून उशीच्या अभ्र्याला वापरा, पहिल्याच क्विल्टला नको.

एकरंगी कापडासाठी आपल्याकडे जी सोय आहे तिची आपल्यालाच किंमत नाही. मॅचिंग सेंटर. ठाण्यात राम मारुती रोड, गोखले रोड, तुमच्याकडे वाशी-नेरुळ, कुठेही बघा, भिंतभर गठ्ठे लावलेले असतात. एकट्या हिरव्याच्या तीस छटा. परदेशातल्या क्विल्ट करणाऱ्या बायका एकरंगी कापडाची छटापत्रिका विकत घेतात, घरी बसून रंग निवडतात आणि मागवतात. आपण साडी हातात घेऊन जातो आणि दुकानदार पाच गठ्ठे खाली टाकतो. तिथे टू बाय टू रुबिया मागा. ताण्यात आणि बाण्यात दोन्हीकडे दोन पदरी सूत, म्हणून टू बाय टू. विणीला घट्ट, शिवायला सरळ. पण त्याच नावाखाली मिश्र कापडही विकतात, म्हणून ‘प्युअर कॉटन’ म्हणून स्पष्ट मागा आणि घरी येऊन काडी लावाच. अर्धा मीटर कापून द्यायला तिथे कोणी तोंड वाकडं करत नाही, पायपिनला पाव मीटर नेणारी गिऱ्हाइकं त्यांना रोजची असतात. अस्तराचं कापड मात्र घेऊ नका. स्वस्त असतं, रंगही भारी असतात. पण विरळ असतं, चार धुण्यांत शिवणीपाशी जाळी पडते, आणि रंग सोडतं ते वेगळंच.

बाजार म्हणाल तर कटपीससाठी मी उल्हासनगरला जाते. नेरुळहून ठाण्याला ट्रान्स-हार्बर, ठाण्याहून अंबरनाथ-बदलापूरकडची लोकल. फाळणीनंतर कल्याण कॅम्पात आलेल्या सिंधी कुटुंबांनी हे गाव आणि त्याचा बाजार उभा केला, आणि धंद्याची ती चिकाटी अजून आहे. गजानन मार्केट, जपानी मार्केट या भागात फिरलात तर ताग्याचे शेवट, कारखान्यातून उरलेला माल, कटपीस, सगळं दिसतं. काही जण कटपीस किलोवर देतात. किलोचा भाव ऐकून घासाघीस करण्याआधी एक हिशोब डोक्यात ठेवा. ४४ इंची पन्ह्याचं हलकं केंब्रिक किलोत दहा-बारा मीटर बसतं. चादरीचं किंवा जाड छापील कापड पाच-सहा मीटर. म्हणजे किलोवर घेताना हलकं कापड निवडलंत तर फायदा तुमचा, जाड निवडलंत तर त्याचा. ढिगातला प्रत्येक तुकडा उलगडून बघा, मधेच छपाई चुकलेली असते, डाग असतो, कधी ताग्याची जोडशिवण असते. चौकोनच कापायचे असतील तर डाग चालतो, पण मग भावही तसाच पाडून घ्यायचा.

मंगळदास मार्केट तुम्हाला हार्बरनं सरळ पडतं, सीएसएमटीला उतरून चालत. अजरख, कलमकारी, इकत, सांगानेरी, एकाच छपराखाली इतकं सुती कापड मला दुसरीकडे मिळालेलं नाही. रविवारी बंद असतं, कामाच्या दिवशी दुपारच्या आत जा. पण ताई, हे चौथ्या महिन्यात. आणि यादी घेऊन. यादी म्हणजे ‘छान छान कापडं’ नव्हे. घरातली कापडं पलंगावर मांडायची, काळा-पांढरा फोटो काढायचा, आणि जे कमी दिसेल तेवढंच लिहायचं: मध्यम हिरवं बारीक छाप्याचं, गडद मरून, मोठ्या छाप्याचं एकच. मी यादीशिवाय गेले की अजरख घेऊन येते. माझ्याकडे अजरखचे एकोणीस तुकडे आहेत. तेच तीन रंग, गडद निळा, मंजिष्ठाचा लाल आणि काळा.

तुमच्या दारातलं ठिकाण म्हणजे बेलापूरचं अर्बन हाट, दोन स्टेशनांवर. विणकर आणि छपाईवाले स्वतः बसलेले असतात, कापड कुठलं, रंग कसला ते सांगतात. प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी जा. उरलेलं गाठोडं परत गावाला न्यायचं त्यांच्या जिवावर आलेलं असतं. अर्थात हातावर पोट असलेल्या माणसाशी फार ओढाताण करू नका, तुकडे जास्त घ्या आणि मग थोडं कमी करायला सांगा. खादी हवी असेल तर २ ऑक्टोबरनंतरच्या सवलतीची वाट बघा. दुकानांचे आषाढातले सेल चांगले असतात, पण तिथे साड्या आणि ड्रेस मटेरियल जास्त, आपल्या कामाचं थोडंच.

दुकानात कापड हातात आलं की मी तीन गोष्टी करते. एक, दोन्ही मुठींत धरून चोळते. पांढरी भुकटी झडली किंवा कापडाचा कडकपणा एकदम गेला तर त्यात खळ भरलेली आहे. धुतल्यावर हातात मच्छरदाणी येणार. दुसरं, उजेडाकडे धरते. वीण सारखी दिसायला हवी, कुठे दाट कुठे विरळ नको. तिसरं, पर्समध्ये केंब्रिकचा एक धुतलेला तुकडा असतोच, तो आणि नवं कापड अंगठा आणि बोट यांच्यात एकामागून एक फिरवते. वजनात फार फरक लागला तर कितीही आवडलं तरी ठेवून देते. जाड कापडाशेजारी पातळ शिवलं की ओढ पातळावर येते आणि आधी तेच फाटतं.

धुण्याबद्दल माझीच गोष्ट सांगते, म्हणजे वाद उरणार नाही. भाचीच्या मुलीच्या बारशाला मी पांढऱ्यावर लाल चांदण्यांचा छोटा क्विल्ट केला. लाल कापड ठाण्यातल्याच एका दुकानातून घेतलं होतं. ‘पक्का रंग आहे, मावशी’ असं दुकानदारानं दोनदा सांगितलं, मी दोनदा मान डोलावली आणि घरी येऊन न धुता कापलं. पहिल्याच धुण्यात पांढरा भाग बडीशेपेच्या गोळ्यांसारखा गुलाबी झाला. भाची काही बोलली नाही. तिच्या सासूनं मात्र ‘रंग छान आहे हो’ म्हटलं, ते अजून आठवतं. आता प्रत्येक गडद कापडाचा चार बोटं तुकडा स्टीलच्या वाटीत कडकडीत पाणी आणि चिमूटभर साबणाच्या भुकटीत अर्धा तास टाकते, सोबत पांढऱ्या केंब्रिकचा तुकडा. पाणी रंगलं आणि पांढरा तुकडा पांढराच राहिला तर कापड दोनतीनदा धुऊन चालतं. पांढऱ्यानं रंग धरला तर ते कापड पांढऱ्या क्विल्टमध्ये जात नाही, संपलं. मीठ किंवा तुरटी टाकली की रंग पक्का होतो म्हणतात, त्यावर विसंबू नका. मिठाचा उपयोग रंगवताना, रंग धाग्याकडे ढकलायला होतो. बाजारातून आलेल्या सुटणाऱ्या रंगाला ते नंतर धरून ठेवत नाही. आणि आटण्याचं बघायचं तर धुण्याआधी दहा इंचाचा चौकोन कापून माप घ्या, धुऊन वाळवून परत मोजा. अर्धा इंचापर्यंत आटलं तर चालतं, त्याहून जास्त आटलं तर त्या कापडाचं बाकीचं दोनदा गरम पाण्यातून काढा.

किती घ्यायचं, हा खरा पैसे वाचवायचा भाग आहे. पूर्वी मीही पाव मीटरचे तुकडे गोळा करायची, ‘जास्त रंग, कमी पैसे’ म्हणून. चुकीचा हिशोब. पाव मीटर म्हणजे पावणेदहा इंच, आटल्यावर सव्वानऊ-साडेनऊ. त्यातून पाच इंची चौकोनांची एकच ओळ निघते, दुसरीला थोडक्यात कमी पडतं. अर्धा मीटर आटून एकोणीस इंच राहिला तरी तीन ओळी पडतात. ४४ च्या पन्ह्यात किनार सोडून एका ओळीत आठ, म्हणजे चोवीस चौकोन, वर अडीच इंचाची एक पट्टी. पाव मीटरमध्ये आठ आणि अर्ध्यात चोवीस, दुप्पट पैशांत तिप्पट.

सिंगल बेडचा क्विल्ट साधारण साठ बाय नव्वद इंच. पाच इंची चौकोन शिवल्यावर साडेचार इंचाचा राहतो, तर तेरा बाय वीस, दोनशे साठ चौकोन. त्यातले निम्मे फिके धरा: एकशे तीस, म्हणजे अडीच मीटर फिकं कापड. उरलेले एकशे तीस सहा अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या तुकड्यांतून निघतात. एकूण साडेपाच मीटरमध्ये वरची बाजू पूर्ण. बाइंडिंगला, म्हणजे कडा बंद करायला, सव्वादोन इंची आठ पट्ट्या, अर्धा मीटर. तुमच्या दोन हजारांत हे बसतं, आणि म्हणून मी म्हणते, सुरुवातीचं फिकं सोडलं तर साठा असा काही वेगळा करायचाच नाही. एका क्विल्टचं कापड घ्यायचं, शिवायचं, जे उरेल तो साठा. मागच्या बाजूला मात्र ताग्यातलं कापड घेऊ नका, दोन उभे तुकडे जोडून पाच मीटर लागतं. त्यापेक्षा डबल बेडची सुती चादर घ्या. जोड नाही, धुतलेली असेल तर आटण्याचीही भीती नाही. फक्त फार घट्ट विणीची, चकचकीत चादर नको, तिच्यातून हाताची सुई जात नाही.

मधल्या थरासाठी आपल्या हवेत जाड बॅटिंगची, म्हणजे विकतच्या भरावाची, काही गरज नाही. ठाण्या-नेरुळच्या थंडीला एक जुनी मऊ चादर किंवा सुती फ्लॅनेल पुरतं. आपल्या गोधडीत कुठे बॅटिंग असतं?

शिंप्याकडची कातरण हा मला सर्वांत आवडता झरा आहे. ब्लाउज शिवणाऱ्यापेक्षा कुर्ते आणि लहान मुलांचे फ्रॉक शिवणाऱ्याकडे जा, तुकडे मोठे असतात. आमच्या गल्लीतल्या शिंप्याला मी दर दिवाळीत फराळाचा डबा देते आणि महिन्याला एक पिशवी घेऊन येते. घरी आल्याबरोबर निवडायचं: काडी लावून सुती वेगळं, मग धुवायचं, आणि लगेच इस्त्री करून मापात कापायचं. पाच इंची चौकोन निघाला तर चौकोन, नाहीतर अडीच इंची पट्टी, त्याहून लहान असेल तर टाकून द्या. हो, टाकून द्या. ‘कधीतरी उपयोगी पडेल’ म्हणून मी बोटभर चिंध्यांचे तीन डबे साठवले होते आणि त्यांतल्या एकाला कसर लागली. कर्नाटकातल्या सिद्दी बायकांची कवंदी बघा, जुन्या कपड्यांचे वाटेल त्या आकाराचे तुकडे त्या कडेपासून आत असे लावत जातात आणि चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या चौकोनांची फुलं लावतात. तसं शिवायचं असेल तर वेडेवाकडे तुकडे जरूर ठेवा. पण मापाचं पॅचवर्क करायचं असेल तर साठा मापातच ठेवावा लागतो.

कसरीवरून आठवलं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कापडाचा खरा शत्रू पाऊस. कसरीला खळ आवडते, म्हणून कोरं, खळीचं कापड तसंच कपाटात ठेवायचं नाही, आणल्याच्या आठवड्यात धुवायचं. प्लॅस्टिकच्या हवाबंद पिशव्यांत ओल अडकून काळे ठिपके पडतात. जुन्या सुती उशीच्या अभ्र्यांत ठेवा, हवा खेळते. भिंतीला चिकटून कपाट असेल तर मधे चार बोटं जागा सोडा. डांबरगोळ्या ठेवायच्याच असतील तर फडक्यात बांधून, कापडाला न टेकता. आणि ऑक्टोबरचं ऊन पडलं की सगळं एकदा काढून सावलीत पसरायचं. उन्हात नको, घडीच्या कडेचा रंग उडतो. त्याच दिवशी काळा-पांढरा फोटोही काढून घ्या, पुढच्या खरेदीची यादी तयार होते.

आता आईच्या नऊवारी. तिन्ही खिडकीपाशी आणा आणि घड्या उलगडा. एकेका साडीवर दोन्ही अंगठे शेजारी टेकवून कापड हलकेच विरुद्ध बाजूंना ताणा, आधी घडीच्या रेषेवर, मग मधे. धागे सुटल्याचा बारीक आवाज आला किंवा कापड सैल होऊन परत आलं नाही तर ती जीर्ण आहे. तिचे चौकोन कापू नका, नव्या कापडाशेजारी ती वर्षभरात फाटेल. ती न कापता दुमडून क्विल्टच्या मधल्या थरात घाला, वरून धावदोरा घातला की नव्या दोन कापडांच्या मधे ती वर्षानुवर्षं राहते. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर, सिंगल क्विल्टला दोन थर सहज होतात आणि बॅटिंगचा खर्च वाचतो. मधे धड आणि काठाशी विरलेली असेल तर मधलं कापा, काठ वेगळे काढून ठेवा, पुढे चौकटीला लागतील. आणि तिसरी, जिचं कापड अजून कोरं वाटतंय आणि जी तुमच्या आठवणीत आईच्या अंगावर आहे, तिला यंदा हात लावू नका. आधी ओटीच्या पिसांचा एक क्विल्ट पूर्ण करा, हात परत वळणावर येऊ द्या. बारा वर्षांनी रोटरी कटर (फिरत्या गोल पात्याचं कापायचं हत्यार) हातात धरल्यावर पहिले चार काप वाकडे जातात, माझे तर एक महिना सुट्टी झाली तरी जातात.

पदर सगळ्यात शेवटी कापा.